पंचमाच्या शेजारी

आमच्या घरातल्या ॲम्प्लीफायरचे व्हॉल्यूमचे बटण पार शून्यावर नेले, तरी स्पीकरमधून एक बारीक घुमारा येत राहायचा. दिवसा तो कुणाच्या कानी पडत नसे. मिरजेत आमचे घर स्टेशनच्या अंगाला. मालगाड्यांचे शंटिंग, टांग्यांची ये-जा, समोरच्या पिठाच्या गिरणीचा पट्टा, एवढ्या गलक्यात त्याला कोण विचारतो! रात्री मात्र गिरणी थांबलेली असायची, वडील ड्यूटीवरून येऊन, जेवून, ख्यालाची रेकॉर्ड लावून बसलेले असायचे आणि गवई दोन आलापांच्या मध्ये थांबला की त्या मोकळ्या जागेत तो घुमारा स्पष्ट ऐकू यायचा. ख्याल ऐकणाऱ्याला त्या मोकळ्या जागाही ऐकायच्या असतात. तिथे तंबोरा असतो.

ऐंशीच्या दशकात बऱ्यापैकी गावात असा एखादा ॲम्प्लीफायर करणारा असायचाच. सोनोडाइन, कॉस्मिक ही नावे मासिकांतल्या जाहिरातींत दिसत, पण रेल्वेतल्या कारकुनाच्या पगारात ती बसत नसत. आमच्या गावातला कारखाना म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत काका सोल्डरिंग करत बसलेले, मागच्या खोलीत त्यांचा भाऊ ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग करत असलेला. पार्ट मुंबईहून लॅमिंग्टन रोडवरून यायचे, पत्र्याच्या पेट्या गावातच व्हायच्या, वर हॅमरटोनचा करडा रंग. मागे हीटसिंकवर २एन३०५५ ट्रान्झिस्टर बसवलेले. आरसीए कंपनीने साठच्या दशकात काढलेला, शंकरपाळ्याच्या आकाराचा हा धातूचा ट्रान्झिस्टर पुढे जगभर इतका चालला की गावोगावच्या मेकॅनिकांना त्याचा नंबर तोंडपाठ असे. शाळा सुटली की मी त्या पुढच्या खोलीत जाऊन बसायचो. राळेचा वास अजून आला की मला ती खोली आठवते.

घुमाऱ्याबद्दल गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती. भजनी मंडळे, लग्नाचे मंडप, चहाची हॉटेले, आणि आमच्यासारखी चार घरे. सगळ्यांचे म्हणणे एकच, ‘थोडं हमिंग असतंच की हो.’ तक्रार आली ती सतारमेकर गल्लीतून.

मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा सगळ्या हिंदुस्थानात जातो. अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर याच गावात आहे आणि त्यांच्या नावाने इथे दरवर्षी संगीतसभा होते. अशा गावात कानाचा धंदा करणारी माणसे गल्लीभर बसलेली. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवत जवारी लावणारा कारागीर काय ऐकत असतो, हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही. दोरा केसभर पुढे गेला की तार मुकी होते, केसभर मागे आला की खरखरते, आणि मधल्या एका जागी ती उघडते. एकाच तारेतून वरचे स्वर झिरपायला लागतात. त्या कारागिरांपैकी एकाने काकांचा सेट घेतला होता. काम करताना तो त्यावर आकाशवाणी सांगली लावून ठेवायचा. एके दिवशी तो दुकानात आला आणि म्हणाला, ‘काका, तुमचं मशीन चालू असलं की मला पंचम लावता येत नाही. रेडिओ बंद केला तरी ते मध्ये बोलतंच.’

त्याचे म्हणणे किती नेमके होते, हे पुढे मी आकडे मांडून पाहिले तेव्हा कळले. पुरुष गायकासाठी काळी एकचा तंबोरा लावला तर षड्जाची कंपने सेकंदाला १३८ च्या थोडी वर, आणि त्याखालच्या पंचमाच्या तारेची जवळजवळ १०४. आपली घरातली वीज ५० आवर्तनांची. ॲम्प्लीफायरमध्ये तिची डीसी करताना लाटेचे दोन्ही अर्धे एकाच दिशेला वळवले जातात, म्हणून आतल्या मोठ्या कंडेन्सरला सेकंदाला १०० ठोके बसतात. घुमारा असतो तो या शंभरांचा. १०४ च्या शेजारी १०० उभा राहिला की सेकंदाला चार हेलकावे ऐकू येतात, आणि तार उतरलेली असतानाही कारागिराला असेच हेलकावे ऐकू येतात. मग खुंटी पिळायची तरी कुठवर? शिवाय त्या काळात विजेची आवर्तने एका जागी राहत नसत. संध्याकाळी भार वाढला की ५० ची ४८-४९ व्हायची. महाराष्ट्राचा ज्यात समावेश आहे त्या पश्चिम विभागात २००२ मध्ये वारंवारतेशी जोडलेले वीजदर लागू झाले, त्यानंतर कुठे यात शिस्त आली. म्हणजे त्या बिचाऱ्या पंचमाच्या शेजारचा आवाज दुपारी एका जागी आणि दिवेलागणीला दुसऱ्याच जागी.

काकांनी ते ऐकून घेतले आणि हातातले काम बाजूला ठेवले.

त्यानंतरचे दिवस मला चांगले आठवतात, कारण एरवी बोलघेवडे असलेले काका गप्प झाले होते. व्हॉल्यूम शून्यावर असतानाही आवाज येतो, म्हणजे दोष बटणाच्या पुढच्या भागात, एवढे त्यांना पहिल्याच दिवशी कळले. ट्रान्सफॉर्मर लांब हलवून पाहिला, आडवा करून पाहिला, फरक नाही. फीडबॅक वाढवून पाहिला. निगेटिव्ह फीडबॅक ही हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ मध्ये हडसन नदी ओलांडताना नावेत सुचलेली युक्ती. ॲम्प्लीफायरच्या पोटात तयार होणारे बहुतेक दोष ती दाबून टाकते. पण जो दोष गाण्याबरोबर दारातूनच आत शिरतो, त्याला ती गाणेच समजते. मग त्यांनी मेकॅनिक लोकांचा नेहमीचा उपाय केला, कंडेन्सर दुप्पट मोठा घातला. घुमारा कमी व्हायच्या ऐवजी वाढला, आणि जास्त खरखरीत झाला.

दुसऱ्या कुणी वैतागून तिथेच सोडून दिले असते. काका मात्र खुर्चीत ताठ बसले. मोठा कंडेन्सर ठोका जास्त जोराने ओढतो. त्याने आवाज वाढतो, याचा अर्थ तो ठोकाच कुठून तरी गाण्याच्या वाटेत येतोय! कंडेन्सरच्या निगेटिव्हपासून निघालेली एक बोटभर काळी तार होती. ठोके तिच्यातूनच जायचे, आणि इनपुटच्या कार्डाची जमीनही सोयीसाठी तिच्या दुसऱ्या टोकाला डाग देऊन जोडलेली होती. बोटभर तांब्याचा रोध तो किती, एका ओहमचा हजारावा भाग. त्यातून एक अँपिअरचा ठोका गेला की एक मिलिव्होल्ट तयार होतो. ॲम्प्लीफायर त्याला वीस-पंचवीस पटींनी वाढवून इमानाने स्पीकरवर नेऊन सोडतो. काकांनी डाग काढला, कार्डाची तार थेट एका जागी आणली आणि बाकी साऱ्या जमिनी त्याच बिंदूला बांधल्या. मला म्हणाले, ‘कान लाव रे.’ मी स्पीकरच्या कागदाला कान टेकवला. आत काही नव्हते.

ही दुरुस्ती फुकटची होती. नवा पार्ट नाही, खर्च नाही. नव्या सेटमध्ये ती गुपचूप सुरू केली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. त्यांचा माल ठेवणाऱ्या एका दुकानदाराने तसे सुचवलेही, ‘लोकांना कळलंच नाहीये तर सांगायचं कशाला? उगाच नाव खराब.’ काकांनी वाद घातला नाही. उठून शटर निम्मे खाली ओढले, म्हणजे रस्त्याचा आवाज तुटेल. जुना सेट लावला, बटण शून्यावर ठेवले आणि त्याला बसवून ऐकायला लावले. मग नवा लावला. दुकानदार बराच वेळ काही बोलला नाही.

विकलेल्या सेटची वही होती. तिच्यातल्या प्रत्येकाला कार्ड गेले: आमच्या सेटमध्ये एक दोष राहिला आहे, तो आमचा आहे, पेटी घेऊन या, पैसे पडणार नाहीत. ‘दोष राहिला आहे’ असे कारखानदाराने आपल्या हाताने लिहिलेले मी पुढे फारसे कुठे वाचले नाही. ‘सुधारित आवृत्ती’ मात्र पुष्कळदा वाचले. जत, अथणी, इचलकरंजीकडच्यांना पेटी आणणे जमेना, तेव्हा सोल्डरिंगची बंदूक पिशवीत टाकून काका एसटीने स्वतः गेले. काही ठिकाणी लोकांनी त्यांना चहा पाजून, ‘आमचा सेट झकास आहे, उघडू नका,’ म्हणून परत लावायचा प्रयत्न केला. ते उघडल्याशिवाय उठले नाहीत. मला याचा फार आदर वाटतो. गिऱ्हाईक दोषाला सरावले म्हणून दोष माफ होतो, हे त्यांना मान्यच नव्हते.

आमच्या सेटचे झाकण उघडून त्यांनी तार हलवली आणि झाकणाच्या आतल्या बाजूला हाताने काढलेली एक आकृती चिकटवली. तांबड्या शाईत बाण, आणि शेजारी: ‘ही तार इथेच. दुसरीकडे लावू नये.’ त्या रात्री वडिलांनी मालकंस लावला. आलाप संपला, तंबोऱ्याच्या तारा एकेक करून निघून गेल्या, आणि शेवटची तार विझत कुठपर्यंत जाते ते त्यांनी पहिल्यांदा आपल्याच खोलीत ऐकले. त्यांनी सुई उचलून तीच जागा पुन्हा लावली.

सेट पुढे माझ्याबरोबर पुण्याला आला. रेकॉर्डची जागा कॅसेटने, सीडीने आणि नंतर मोबाइलच्या वायरने घेतली, त्याने कशालाच नाही म्हटले नाही. मधल्या काळात एकाच चिपमध्ये बसणारे ॲम्प्लीफायर आले, तळहातावर मावणारे क्लास-डी आले. त्यांतले काही फार उत्तम आहेत. कुठलाही विकत घेण्याआधी मी बटण शून्यावर नेऊन स्पीकरला कान लावतो. दुकानदार विचित्र नजरेने बघतात.

गेल्या वर्षी त्याचे मोठे कंडेन्सर फुगले. इतक्या वर्षांत आतले द्रव वाळणारच. पसोड्या विठोबाजवळच्या तपकीर गल्लीत एका तरुण मेकॅनिककडे दिला. नवे कंडेन्सर आकाराने लहान निघाले, जुन्या तारा त्यांच्यापर्यंत पोचेनात, म्हणून त्याने काळी तार जिथे सोयीची पडली तिथे जोडली. सेट चालू केला आणि तोच ओळखीचा शंभराचा घुमारा. मी त्याला झाकण उलटे करून दाखवले. कागद पिवळा पडलेला, तांबडी शाई विटकरी झालेली, पण बाण स्पष्ट. त्याने तो दोनदा वाचला, बोट ठेवून वाट तपासली, डाग काढला आणि तार बाणाच्या जागी नेली.

‘कोणी काढलंय हे?’ त्याने विचारले.

‘ज्यांनी सेट बनवला त्यांनी.’

त्याने आकृतीचा मोबाइलवर फोटो घेतला. मग म्हणाला, ‘आधी ४,७०० मायक्रोफॅरडचे होते, आता १०,००० चे घातलेत. ठोके आणखी जोराचे येणार, ही तार आता जास्त जपायला हवी.’ आणि काकांच्या अक्षराखाली त्याने बॉलपेनने नव्या कंडेन्सरचे आकडे आणि तारीख लिहिली.