कर्ता नसलेली वाक्ये

तुरुंगाने मराठी वाचकाला पुष्कळ काही दिले आहे. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली. ती टिपून घेणाऱ्या साने गुरुजींनी पुढच्याच वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ पाच दिवसांत लिहून काढले. भगतसिंगांनी १९३० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, लाहोरच्या तुरुंगात लिहिलेल्या निबंधाच्या शीर्षकातच ‘मी’ आहे: ‘मी नास्तिक का आहे?’ सावरकरांच्या अंदमानच्या कहाणीचे नाव ‘माझी जन्मठेप’. वर्गात हे सांगताना आमचा स्वर नकळत चढत असे. तरुण माणूस आत जातो आणि स्वतःचा ‘मी’ घेऊन बाहेर येतो, असा आमचा समज होता.

तो एका विद्यार्थ्यामुळे ढळला. चौदा महिने कच्चा कैदी म्हणून काढून, निर्दोष सुटून तो पुन्हा द्वितीय वर्षात येऊन बसला होता. निबंधासाठी त्याने आपणहून तेच दिवस निवडले. दीड पानात तारखा होत्या, वेळा होत्या. ‘मी’ एकदाही नव्हता. रात्री नऊ वाजता नेण्यात आले. बराकीत ठेवण्यात आले. हजर करण्यात आले. आम्ही दोघांनी ते वाचले आणि लाल शाईने शेरा मारला: ‘भाषा सरकारी वाटते. अनुभव स्वतःच्या शब्दांत लिहावा.’

वही परत घेताना तो म्हणाला, “सर, हेच माझे शब्द आहेत. चौकीत सांगितलं, वकिलांना सांगितलं, कोर्टात सांगितलं. एक शब्द इकडचा तिकडे झाला की म्हणायचे, खोटं बोलतोस. मग पाठच करून टाकलं.”

इतकी वर्षे व्याकरण शिकवूनही हे आम्हांस सुचले नव्हते. राजबंदी आत जातो तेव्हा त्याची कहाणी त्याच्याजवळ असते आणि ती ऐकायला बाहेर माणसे थांबलेली असतात. श्यामलाही रोज रात्री ऐकणारे सोबती होते. त्यांतला कोणी उलटतपासणी घेत नव्हता. पण २०२२ च्या अखेरीस देशातील कैद्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कच्चे कैदी होते. त्यांच्यातल्या विशीतल्या मुलाची कहाणी आधी इतरांच्या कागदांत लिहिली जाते आणि त्याने स्वतः सांगितलेली कहाणी त्या कागदांशी ताडून पाहिली जाते. निर्दोष ठरायचे तर ती दर वेळी तीच असावी लागते. एरवी माणूस आपली गोष्ट सांगता सांगता बदलतो, तिच्यात नवे काही त्याला दिसते. वाढत्या वयाचे लक्षणच ते. या मुलाला नेमकी तीच मुभा नव्हती. आणि सुटून आल्यावर आम्हीही त्याच्याकडे जबानीच मागितली होती, फक्त ती ललित असावी एवढाच आमचा आग्रह.

तो शेरा आम्ही खोडला. पुढे काही महिन्यांनी त्याने न मागता एक पान आणून दिले. त्यात तुरुंगातल्या भेटीचा दिवस होता. जाळीपलीकडे आई उभी होती, गर्दीत तिला तो दिसत नव्हता. शेवटचे वाक्य होते: ‘मी तिला हाक मारली नाही.’

का मारली नाही, हे त्याने लिहिले नव्हते. आम्ही विचारले नाही.