पोस्टकार्डावरचे छोटे शिपाई

पहिल्या महायुद्धाच्या काळात युरोपात घरोघर पोचलेल्या चित्रमय पोस्टकार्डांतला एक मोठा गठ्ठा लहान मुलांच्या चित्रांचा आहे. प्रचारसाहित्य, म्हणजे लोकमत एका बाजूला वळवण्यासाठी हेतुपुरस्सर घडवलेला मजकूर किंवा चित्र, किती गोजिरे रूप घेऊ शकते ते या कार्डांत दिसते. मोठ्या माणसाच्या मापाची टोपी कानांवर उतरलेली, खांद्यावर लाकडी बंदूक, आणि शेजारी छातीवर लाल फुली मिरवणारी पाच-सहा वर्षांची परिचारिका बाहुलीच्या हाताला पट्टी बांधण्यात गुंग. छायाचित्र स्टुडिओतले, गालांवरची लाली मागाहून हाताने भरलेली. इटलीत आउरेलिओ बेर्तिल्या या चित्रकाराने गणवेशातल्या बालकांची अशी कितीतरी कार्डे रंगवली, तर फ्रान्समध्ये तान्ह्या बाळाला भावी सैनिकाचे बियाणे ठरवणारी कार्डे निघाली. आघाडीवरच्या बापाला ते कार्ड घरची आठवण करून देई आणि घरी राहिलेल्या तरुणाला, पोरे उभी राहिली नि तू बसलास, असे न बोलता सुनावी. मुलाला स्वतःला काय हवे, हा प्रश्न त्या चौकटीत मावतच नसे. आपल्याकडेही १९६५ च्या युद्धानंतर फौजी वेशातली गुबगुबीत बाळे कॅलेंडरांवर झळकली, आणि ती कौतुकाने भिंतीवर लावणाऱ्या आईबापांना त्यात वावगे काही वाटले नाही.

महाराष्ट्रातल्या डहाणू-तलासरी भागातल्या वारली आदिवासींच्या पाड्यांवर मात्र मुलाच्या माथी मोठ्यांचे देणे लादायला चित्राची गरज नव्हती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढून ते फेडण्यासाठी त्याच्याच घरी राबणाऱ्या वारल्याला लग्नगडी म्हणत. त्याच्याबरोबर बायको राबे, आणि कर्ज सहसा फिटतच नसल्यामुळे पुढे मुलेही त्याच दावणीला बांधली जात. युरोपातले दुसरे महायुद्ध थांबून जेमतेम पंधरा दिवस झाले असताना, २३ मे १९४५ रोजी, तेव्हा उंबरगाव तालुक्यात असलेल्या आणि आज तलासरी तालुक्यात मोडणाऱ्या झरी गावी किसान सभा या शेतकरी संघटनेच्या परिषदेला सुमारे ५,००० वारली जमले. सभेचे नेते शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने भरलेल्या या परिषदेत वेठ, म्हणजे जमीनदाराच्या शेतावर सक्तीने फुकट करावे लागणारे काम, नाकारण्याचा आणि रोज बारा आणे मजुरी मिळाल्याशिवाय कामाला हात न लावण्याचा निर्धार झाला. लग्नगड्याची सुटका हा या लढ्याचा गाभाच होता, कारण तिच्याविना पुढची पिढी कर्जातच जन्मली असती.

त्याच वर्षी जवळच बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केले, जे पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेले. युद्धकार्डांनी मुलाला मोठ्यांच्या कामाचा वेश चढवला होता. इथल्या मुलांवर ते काम खरोखरच येऊन पडलेले, आणि या दोघींनी ते नाकारून नव्हे, तर लक्षात घेऊन शाळेची आखणी केली. धाकटे भावंड काखेला मारल्याशिवाय मुलीला घराबाहेर पडता येत नाही, हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या गेल्या. गुरे राखणारा पोरगा तरीही येईना, तेव्हा कुरणशाळा निघाली: गुरे चरत आणि शिक्षक तिथेच कुरणात बसून शिकवी.