नवे आले तरी जुने का विकतात?

बाजारात नवी वस्तू आली की जुनीचे दिवस भरले, असा सर्वसाधारण समज असतो. व्यापाराची रीत मात्र निराळी आहे. मधल्या सुट्टीत आमचे विद्यार्थी व्हिडिओ गेमच्या यंत्रांविषयी मोठ्या हिरिरीने बोलतात. आणि ज्याच्या घरी जुने यंत्र असेल, तो बिचारा गप्प बसतो. हे पाहून आम्हांस प्रश्न पडला, की जुने यंत्र इतके टाकाऊ असेल, तर नवे काढणारी कंपनीच ते का विकीत राहते?

सोनी कंपनीचे ‘प्लेस्टेशन 2’ 2000 साली निघाले. 2006 साली ‘प्लेस्टेशन 3’ आले. तथापि जुन्याचे उत्पादन पुढे आणखी सुमारे सहा वर्षे चालू होते, आणि त्याचे एकंदर पंधरा कोटींहून अधिक नग खपले. याची कारणे उघड आहेत. साचे व कारखाना यांवरील खर्च आधीच वसूल झालेला असतो; सुटे भाग वर्षागणिक स्वस्त होतात; म्हणून किंमत उतरविली तरी नफा उरतो. शिवाय यंत्र घरात गेले, की त्यावरील खेळही विकले जातात. हैदराबादेस तयार झालेला ‘हनुमान : बॉय वॉरियर’ हा खेळ 2009 साली निघाला, तो ह्या जुन्याच यंत्रासाठी. नव्यास पैसे न पुरणारे गिऱ्हाईक कंपनीस गमवावयाचे नसते. त्यात दया नाही, हिशेब आहे.

हाच न्याय आपल्या वर्ध्यात चरख्याच्या बाबतीत पाहावयास मिळतो. येथील मगन संग्रहालय 30 डिसेंबर 1938 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते उघडले गेले. तेथे अनेक तऱ्हांचे चरखे मांडलेले आहेत. सुधारलेल्या चरख्यासाठी चरखा संघाने 1929 साली एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. पुढे तमिळनाडूच्या एकांबरनाथ यांचा अंबर चरखा आला व 1950 नंतरच्या दशकात देशभर पसरला. त्यावर एकाच वेळी अनेक चात्या फिरतात; पेटी चरख्यावर एका वेळी एकच धागा निघतो. तरीही पेटी चरखा आजही विकला जातो. तो स्वस्त आहे, मिटवून काखेत मारून नेता येतो, आणि शिकणाऱ्यास सोपा पडतो. सुतावर पोट भरणाऱ्याने अंबर घ्यावा. घरी रोज घटकाभर कातणाऱ्यास पेटी पुरे.

कापूस विकून हाती आलेल्या पैशांतून मुलाचा हट्ट पुरविणारे पालक आमच्या परिचयाचे आहेत. त्यांनी खरेदीपूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात : आपले काम ह्या वस्तूने भागेल काय? सुटे भाग व खेळ सहज मिळतील काय? आणि कंपनी दुरुस्ती किती वर्षे करून देणार? तिसऱ्याचे उत्तर असमाधानकारक असेल, तर स्वस्ताईस भुलू नये. कारण जुन्याची विक्री एक दिवस थांबतेच. तिन्हींची उत्तरे चांगली आली, तर जुने खुशाल घ्यावे. आणि विद्यार्थीमित्रहो, तुमच्या सोबत्याच्या घरी जुने यंत्र असेल, तर त्यास हिणवू नका. त्याच्या आईबापांनी आपली ऐपत ओळखून ते आणले आहे. त्याच्याकडे जा आणि दोघे मिळून खेळा.