गटारातून आभाळ दिसत नाही

कंटेंट रायटरच्या नोकरीत कोणत्या दिवशी कोणता विषय पुढ्यात येईल याचा नेम नसतो. सोमवारी गुडघेदुखी, मंगळवारी गृहकर्ज, बुधवारी मांजरींचं खाणं. इंग्रजी घेऊन बीए केलं तेव्हा असं काही डोक्यात नव्हतं, पण मला हे काम आवडतं. रोज काहीतरी नवं कळतं.

गेल्या मे महिन्यात एका परदेशी क्लायंटकडून विषय आला, ‘पावसाळी गटारांमधली भटकंती : नवशिक्यांनी घ्यायची काळजी.’ मी तो दोनदा वाचला. गटारात भटकंती? आपल्याकडे क्रिकेटचा चेंडू गटारात गेला तर तो कोण काढणार यावरून भांडणं होतात!

शोधायला बसले तेव्हा कळलं, की हा खरोखरचा छंद आहे. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या काही तरुणांनी १९८६ मध्ये ‘केव्ह क्लॅन’ नावाचा गट सुरू केला. शहराच्या पोटातली गटारं आणि भुयारं फिरायची, त्यांना नावं द्यायची, फोटो काढायचे. तिथे सांडपाण्याची वाहिनी वेगळी असते आणि पावसाच्या पाण्याची वेगळी. पावसाळी गटारं म्हणजे काँक्रीटच्या मोठाल्या नळ्या, काही तर माणूस ताठ उभा राहून चालेल एवढ्या उंच. कोरड्या दिवसांत तळाशी पाण्याची बारीकशी धार असते.

तिथेही विनापरवाना आत जायला बंदी आहेच. पण मला वेगळ्याच गोष्टीचं नवल वाटलं. या छंदातल्या जुन्या लोकांचा पहिला नियम टॉर्चचा नाही, बुटांचा नाही. तो आहे, ‘पाऊस असेल तर गटार नाही.’ म्हणजे कसं जायचं याच्या आधी कधी जायचं नाही, ते. आणि हा नियम ठाऊक असलेल्या देशातही २००८ च्या जानेवारीत सिडनीच्या मरुब्रा भागात पावसाचं पाणी गटारात घुसलं आणि आत असलेल्या दोघांचा जीव गेला.

हेडलॅम्प कोणता घेऊ?

माझा मामा गेली वीस वर्षं बंगळुरूत आहे. त्याचा मुलगा, माझा मामेभाऊ, सोळा वर्षांचा. त्याला जगातल्या प्रत्येक गोष्टीची रील बनवायची असते. सध्या काय लिहितेस, असं त्याने फोनवर विचारलं, मी सांगितलं. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला, “ताई, आमच्या घरामागे पण एक आहे! रस्त्याखालून जातो. मी आणि दोन मित्र रविवारी जाऊन येणार. हेडलॅम्प कोणता घेऊ?”

बंगळुरूत अशा मोठ्या नाल्यांना राजकालुवे म्हणतात. एका तळ्यातलं जादा पाणी पुढच्या तळ्यात नेणारे हे जुने प्रवाह. आता त्यांच्यावर, त्यांच्या कडेने शहर उभं राहिलंय. कुठे स्लॅब पडलाय, कुठे भिंती बांधल्यात.

‘जाऊ नकोस’ म्हणणं सोपं होतं. मामाला फोन केला असता, तर त्याने संध्याकाळीच मोबाइल काढून घेतला असता. पण सोळा वर्षांच्या मुलाला नुसतं ‘नको’ म्हटलं की तो सांगायचं थांबतो, जायचं थांबत नाही. आणि मला त्याच्याशी बोलणं चालू ठेवायचं होतं.

मी त्याला एक काम दिलं. म्हटलं, “हेडलॅम्पचं नंतर बघू. आधी मोबाइलवर नकाशा उघड. तुमचा नाला जिकडून येतो त्या दिशेने शोधत जा. त्यात कुठकुठलं पाणी येतं ते मला सांग. तोवर आत पाऊल टाकायचं नाही.”

तासाभराने फोन आला. आवाजातला उत्साह तसाच होता, पण प्रश्न बदलले होते. नाला चार किलोमीटर वरून येत होता. वाटेत एक तळं, दोन मोठ्या वसाहती, एक बाजार आणि ऑफिसांच्या पार्किंगची कितीतरी काँक्रीटची मैदानं.

मग आम्ही फोनवरच हिशेब मांडला. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस एक चौरस किलोमीटरवर पडला, तर ते झालं पाच कोटी लिटर. दहा हजार लिटरचे टँकर धरले तर पाच हजार टँकर, म्हणजे दर सेकंदाला एकाहून जास्त टँकर ओतल्यासारखं. सगळं पाणी नाल्यात येत नाही, काही मुरतं, काही साचतं. पण काँक्रीटवर मुरतं किती? निम्मं आलं तरी काय होईल?

तो म्हणाला, “पण ताई, आम्ही ऊन असतानाच जाणार ना!”

हाच खरा फसवा मुद्दा आहे. आत गेलं की डोक्यावर आभाळ राहत नाही. गटाराला तुमच्या गल्लीतलं ऊन कळत नाही, चार किलोमीटर लांब पडलेला पाऊस तेवढा कळतो.

२०२४ च्या जुलैमध्ये तिरुवनंतपुरमला हेच घडलं. रेल्वे स्टेशनखालून जाणारा आमयिळंचान कालवा कचऱ्याने तुंबला होता, तो साफ करायला काही कामगार उतरले होते. पाऊस वाढला, पाण्याला ओढ आली आणि एक जण स्टेशनखालच्या भुयारात वाहून गेला. अग्निशमन दल, पाणबुडे, यंत्रं असं सगळं लावूनही त्याचा मृतदेह तिसऱ्या दिवशी हाती लागला. तो तर कामासाठी उतरलेला माणूस होता.

पाण्याची ताकद आपण खोलीवरून मोजतो, तीही फसवी. घोट्याच्या थोडं वर, म्हणजे १५ सेंटिमीटर पाणी जोरात वाहत असेल तर धडधाकट माणसाचाही तोल जातो. वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो. त्यात गटाराचा तळ गुळगुळीत, वर शेवाळ, धरायला काही नाही. आणि पुढे कुठेतरी कचरा अडवणारी लोखंडी जाळी. पाणी जाळीतून निघून जातं, माणूस जाऊ शकत नाही.

आपली गटारं वेगळी आहेत

माझ्या क्लायंटच्या देशातले नियम आपल्याकडे जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण आपली पावसाळी गटारं नुसती पावसाची राहिलेली नाहीत. कागदावर पावसाचं पाणी आणि मैलापाणी वेगळं. प्रत्यक्षात किती नाल्यांत घरांचं, दुकानांचं, कारखान्यांचं सांडपाणी सोडलेलं असतं ते नुसत्या वासावरून कळतं.

आणि वास हीसुद्धा भरवशाची खूण नाही. कुजणाऱ्या मैल्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. पण त्याचं प्रमाण वाढलं की आपली वास घेण्याची शक्तीच बधिर होते. माणसाला वाटतं, चला, वास गेला. खरं तर धोका तेव्हा वाढलेला असतो. बंदिस्त जागेत ऑक्सिजनही कमी झालेला असू शकतो. साध्या हवेत तो सुमारे २१ टक्के असतो. १९.५ टक्क्यांखाली गेला तर ती जागा काम करायला असुरक्षित मानतात. डोळ्यांना यातलं काहीच दिसत नाही. नाकावर रुमाल बांधून किंवा साधा मास्क लावून काही उपयोग नाही, कारण मास्क ऑक्सिजन तयार करत नाही.

मॅनहोलमध्ये एक जण पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. अशा बातम्या आपण दरवर्षी वाचतो. त्यातले बहुतेक सफाई कामगार असतात. हाताने मैला साफ करायला लावणं आणि सुरक्षेच्या साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद केलंय. गटारात मृत्यू झाला तर कुटुंबाला ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. तरी माणसं उतरतात, कारण त्यांना उतरवलं जातं. आपल्याला ज्याची रील करावीशी वाटते, ते त्यांचं नाइलाजाचं काम आहे. मी हे मामेभावाला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ गप्प होता.

मुंबईत आणखी एक भानगड आहे, समुद्राची. तिथली जुनी पावसाळी गटारं तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तेही ओहोटी असेल तर. बहुतेक गटारांची तोंडं भरतीच्या पातळीखाली आहेत. मोठ्या भरतीत पाणी बाहेर जात नाही, उलट आत तुंबतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि नेमकी भरतीही होती. पुढचं सगळ्यांना आठवतं. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एक नामवंत डॉक्टर तुंबलेल्या पाण्यातून घरी चालले होते. पाण्याखालचं उघडं मॅनहोल त्यांना दिसलं नाही. दोन दिवसांनी त्यांचा मृतदेह वरळीच्या किनाऱ्यावर सापडला. पाण्याचा निचरा व्हावा म्हणून झाकण उघडलेलं होतं. त्यांना गटारात कसलीही भटकंती करायची नव्हती.

म्हणून हा विषय फक्त साहसी मुलांचा नाही. तुमच्या-माझ्या आई-बाबांचा, क्लासवरून येणाऱ्या बहिणीचा आहे.

मग कुतूहलाचं काय करायचं?

त्या रविवारी मामेभाऊ आणि त्याचे मित्र गेले, पण आत नाही, वरून. मामाला मी शेवटी सांगितलंच, आणि आश्चर्य म्हणजे तोही बरोबर गेला. नाल्याच्या कडेकडेने, पुलांवरून, गल्ल्यांमधून चालत ते तळ्यापर्यंत पोचले. वाटेत एका मोरीच्या तोंडाशी लोखंडी जाळी होती. तिच्या वरच्या टोकाला गेल्या पावसाळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशव्या आणि एक लहान मुलाची चप्पल अडकलेली होती. मामेभाऊ पाच फूट आठ इंच आहे. तळ त्याच्या पायांच्या पातळीवर धरला तर पिशव्या त्याच्या डोक्याच्याही वर होत्या. त्याने फोटो पाठवला, खाली एवढंच, “ताई, पाणी इथपर्यंत येतं.” हेडलॅम्पचं पुन्हा विचारलं नाही. रील मात्र बनवली, ‘आमचं पाणी कुठून येतं’ अशी.

जमिनीखालचं शहर बघायची हौस मला समजते, मलाही आहे. ती भागवायच्या सुरक्षित जागा आहेत. कच्छमधल्या धोलावीराला हडप्पा काळातली, साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराची पावसाळी गटारं आणि पाण्याचे हौद उघड्या आभाळाखाली बघता येतात. पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळातला कात्रजचा नळ आहे. त्याचे उच्छ्वास रस्त्यावरून जाताना दिसतात. जपानमध्ये टोकियोजवळ पुराचं पाणी वळवणारं प्रचंड भुयार आहे, तिथे गाइडबरोबर आत नेतात. आणि पुराचं पाणी येणार असेल त्या दिवशी तिथल्या सहली रद्द करतात!

माझ्या क्लायंटला मी त्याच्या देशाचे नियम लिहून दिले. आपल्या घरच्यांसाठी मात्र यादी वेगळी आहे.

• झाकलेल्या नाल्यात, मोरीत, मॅनहोलमध्ये उतरायचं नाही. चेंडू, मोबाइल, मांजराचं पिल्लू काहीही पडलं तरी नाही.

• कोणी आत पडलं, तर मागोमाग उतरू नका. ११२ किंवा अग्निशमन दलाच्या १०१ वर फोन करा. काठावर आडवं पडून दोर, ओढणी, बांबू टाका, स्वतः मात्र बाहेर राहा.

• तुंबलेल्या पाण्यातून जावंच लागलं तर हातात काठी घ्या, पुढची जमीन चाचपत चला. पाणी भोवऱ्यासारखं फिरत असेल तिथून लांब राहा.

• पाणी ओसरावं म्हणून मॅनहोलचं झाकण स्वतः उघडू नका. उघडं दिसलं तर वर झाडाची फांदी किंवा लाल कापड लावा आणि महापालिकेला कळवा.

• साचलेल्या पाण्यात पाय बुडाले असतील तर साबणाने धुवा. पायावर जखम असेल तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना भेटून लेप्टोची प्रतिबंधक गोळी लागेल का, ते विचारा. ताप येण्याची वाट बघू नका.

• मुलांना नुसतं ‘नको’ म्हणू नका. एकदा त्यांच्याबरोबर बसून घराजवळचा नाला नकाशावर शोधा. तो कुठून येतो, कुठे जातो आणि वाटेत त्यात किती पाणी मिळतं, ते त्यांनाच मोजू द्या.

हे शेवटचं काम पाऊस सुरू व्हायच्या आधी करा. तासभरसुद्धा लागत नाही.