जोर नगं, ताई!

नोकरी सोडून आठ महिने झाले होते आणि बाबा माझ्याशी कामापुरतं बोलत होते. ‘जेवलीस का?’ ‘गॅस बंद केलास का?’ बस्स. चॅनेलचा पगार सोडून मुलगी ‘फ्रीलान्स’ म्हणजे नक्की काय करते, हे बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला कसं पटावं? अशात आमची हेरल्ड शिरवळला बसली आणि आम्हा दोघांना एकाच गाडीत डोकं घालावं लागलं!

हेरल्ड म्हणजे स्टँडर्ड हेरल्ड. ब्रिटनच्या ट्रायम्फ हेरल्डची ही मद्रासला बनलेली आवृत्ती, १९६१ पासूनची. दिसायला साधी फॅमिली कार, पण खानदान बघा! हेरल्डचीच चासी आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार काढली. दोन्हींचं रूप इटलीच्या जिओव्हानी मिकेलॉट्टीच्या हातचं. थोडक्यात, आमची हेरल्ड म्हणजे संसाराला लागलेली थोरली बहीण!

साताऱ्याला लग्नाला निघालो होतो. नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरतो न शिरतो तोच दुसरा गिअर खडखडून सुटायला लागला. पुढ्यात खंबाटकी! नशिबाने बाबांच्या ओळखीचे म्हातारे मिस्त्री शिरवळचेच. त्यांनी दोन फेऱ्या मारून निकाल दिला आणि माळ्यावरून एक काळीकुट्ट पेटी उतरवली. “भंगारात गेलेल्या हेरल्डची हाय. कधी तरी लागंल म्हनून ठिवलेली.”

“बसवून टाका,” बाबा म्हणाले. “मग विकूनच टाकतो गाडी.” माझ्याकडे न बघता.

गंमत म्हणजे हेरल्डचा गिअर बॉक्स गाडीच्या आतून निघतो. सीट काढा, कार्पेट काढा, मधलं कव्हर उचला, की समोर हजर! मिस्त्रींची कंबर गेलेली, पोऱ्या सुट्टीवर. म्हणजे मजूर आम्हीच. हल्लीचे मिलिमीटरचे पाने या इंचाच्या बोल्टांना नीट बसत नाहीत, म्हणून मिस्त्रींनी जुना डबा काढला. प्रॉपेलर शाफ्टचे चार बोल्ट, स्पीडोमीटरची केबल, स्टार्टर... इंजिनाखाली जॅक आणि लाकडी ठोकळा. पहिला दिवस पेटी बाहेर काढण्यातच गेला. लग्न? हुकलं.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी. पेटीच्या तोंडाशी खाचांचा एक शाफ्ट असतो. तो क्लच प्लेटच्या खाचांत आणि पुढे इंजिनातल्या बुशात अचूक शिरायला हवा. पेटीचं वजन प्लेटवर लटकलं, तर प्लेट वाकणार. बाबा पुढून नेम धरत होते, मी मागून शेपूट. ढकललं. नाही. परत ढकललं. नाही. “डावीकडे!” “बाबा, तुमची डावी की माझी?” आठ महिन्यांतलं आमचं पहिलं भांडण!

“ताई, जोर नगं,” बाहेरून मिस्त्री. “चौथ्यात टाका आन् मागनं हळूहळू फिरवा. तिची जागा तिला घावू द्या.”

चौथा टाकला. मागची चकती बोटभर फिरवली, आणखी बोटभर... आणि ‘खट्’! पेटी सरकन आत. बाबा चक्क हसले. त्यांच्या कपाळावर ग्रीसचा पट्टा होता. मी सांगितला नाही.

बाजूच्या भोकातून नव्वद नंबरचं ऑइल ओघळेपर्यंत भरलं आणि संध्याकाळी निघालो. स्टिअरिंगवर मी. या गाडीच्या पहिल्या गिअरला सिंक्रो नाही, म्हणजे चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच मारायला हवा, नाहीतर करकरून शिव्या खायच्या. खंबाटकीत पुढचा ट्रक रांगायला लागला. क्लच, न्यूट्रल, थोडी रेस, पुन्हा क्लच. पहिला पडला. आवाज न करता. बाबा काहीच बोलले नाहीत.

घाटमाथ्यावर मात्र बोलले. “पुढच्या महिन्याचं भाडं आहे का तुझ्याकडे?”

तोंडावर ‘हो’ आलं होतं. “नाही,” मी म्हटलं.

“मग सांगायचं ना.”

गाडी विकायची की नाही, ते अजून ठरलेलं नाही.