वेळेची नोंद

आमच्या पूर्णेला बर्फ ठाऊक आहे तो दोनच रूपांत. एक, लग्नसराईत पोत्यात गुंडाळून सायकलवरून येणारी कारखान्यातली लादी. आणि दुसरे, अवकाळी गारपीट. २०१४ सालच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर जी गारपीट कोसळली, तिने उभा गहू आणि हरभरा अक्षरशः झोडपून काढला. त्या वेळी अंगणात साचलेला पांढराशुभ्र थर पाहून कोणाच्याही तोंडून आनंदाचा शब्द निघाला नाही. अशा गावातल्या एका निवृत्त रेल्वे गार्डाने बर्फाच्या उतारावरून शर्यती लावणाऱ्या खेळाडूविषयी लिहायला बसावे, याचे वाचकांना नवल वाटेल. मला स्वतःलाही ते वाटते. परंतु ज्या माणसाला आपण कधी भेटलो नाही, भेटणारही नाही, तोच कधी कधी आपल्या घरातली एखादी बंद खोली उघडून जातो.

स्कीइंग हा शब्द मी प्रथम ऐकला तो पोप जॉन पॉल दुसरे यांच्यामुळे. जुलै १९८४ मध्ये ते उत्तर इटलीतील अदामेल्लो पर्वतावर स्की करण्यास गेले होते आणि इटलीचे वृद्ध राष्ट्राध्यक्ष सांद्रो पेर्तिनी त्यांच्यासोबत होते. पायांना लांब पट्ट्या बांधून परमपूज्य पोप हिमावरून घसरत जातात, ही गोष्ट रेल्वे कॉलनीतल्या आम्हां ख्रिस्ती कुटुंबांत कौतुकाचा विषय झाली होती. पण ते कौतुक तेवढ्यापुरतेच. हा खेळ आपला नव्हे, युरोपातल्या सुखवस्तू लोकांचा, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

माझी ही समजूत चुकीची होती, हे मला फार उशिरा कळले. १९६४ साली इन्सब्रुकच्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जेरेमी बुजाकोवस्की हा पोलिश वंशाचा स्कीपटू भारताच्या वतीने उतरला होता. १९८८ मध्ये कॅल्गरी येथे शैलजा कुमार स्लॅलमच्या शर्यतीत अठ्ठाविसावी आली. शर्यत पूर्ण करणाऱ्या अठ्ठावीस जणींत ती शेवटची. पूर्वी हे वाचले असते तर मी हसलो असतो. आज हसू येत नाही, आणि त्याचे कारण पुढे सांगतो.

फेब्रुवारी २०२२. महामारीमुळे माझा मुलगा सहकुटुंब पूर्णेला आला होता आणि घरूनच कचेरीचे काम करीत होता. चीनमध्ये बीजिंगचे हिवाळी ऑलिम्पिक चालू होते आणि त्यात भारताचा एकच खेळाडू होता : काश्मीरचा आरिफ खान. एका सकाळी मुलगा मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसला आणि म्हणाला, "पप्पा, ह्याची गोष्ट ऐका."

आरिफचा जन्म १९९० चा, गुलमर्गच्या पायथ्याशी असलेल्या तंगमर्गचा. वडील यासीन खान यांचे गुलमर्गला स्कीच्या साहित्याचे दुकान. त्यांनी चार वर्षांच्या मुलाला बर्फावर उभे केले. काश्मीरचा तो काळ कसा होता, हे वाचकांना सांगायला नको. बारा वर्षांचा असताना आरिफने राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले आणि २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांत दोन सुवर्णपदके. एवढे होऊनही, पुरेशा पैशांअभावी २०१८ चे ऑलिम्पिक त्याला मुकावे लागले. ह्या खेळात पात्रतेचे गुण मिळवायचे तर देशोदेशी शर्यती लढवाव्या लागतात. प्रवास, प्रशिक्षक, स्कीच्या जोड्या, सगळाच खर्च मोठा. पुढच्या ऑलिम्पिकसाठी त्याने आपले ठरलेले लग्नही पुढे ढकलले. अखेर तो स्लॅलम आणि जायंट स्लॅलम अशा दोन्ही प्रकारांसाठी पात्र ठरला. तेव्हा त्याचे वय एकतीस होते.

ही शर्यत असते तरी कशी? उतारावर लाल आणि निळ्या खुणांची दारे रोवलेली असतात. प्रत्येक दारातून, ठरलेल्या क्रमाने, वळणे घेत खाली यायचे. एक दार चुकले की ती फेरी बाद. जायंट स्लॅलममध्ये दारे अंतराअंतरावर असतात, तर स्लॅलममध्ये जवळजवळ. दोन फेऱ्या होतात आणि दोन्हींच्या वेळेची बेरीज धरली जाते. स्कीच्या पट्टीला पोलादी कडा असतात. वळताना कड बर्फात नीट रुतली, तर पट्टी रुळावरून गेल्यासारखी वळते. ती घसरली, तर बर्फाचा फवारा उडतो आणि वेळ वाया जातो.

हे ऐकताना मला धूळघाट आठवला. मीटरगेजच्या दिवसांत अकोल्यापुढे खंडव्याच्या वाटेवर, सातपुड्यात, आमची लाइन पूर्ण वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडून जात असे. मागच्या ब्रेकव्हॅनमध्ये उभे राहून मी ती वळणे किती वेळा पाहिली असतील! चढावर इंजिनाची कसोटी लागते, उतारावर माणसाची. खाली ओढण्याचे काम पृथ्वी फुकट करते; स्वतःला किती आवरायचे आणि किती सोडायचे, एवढेच आपल्या हाती उरते. तो काश्मिरी मुलगा आयुष्यभर हेच शिकत आला होता.

१३ फेब्रुवारीला रविवार होता. सकाळी जायंट स्लॅलमची पहिली फेरी झाली आणि दुपारी, मिस्सा व जेवण आटोपल्यावर, दुसरी. बीजिंगजवळच्या यानचिंगच्या त्या डोंगरावरचा शर्यतीचा बर्फ यंत्रांनी तयार केलेला. पण त्या दिवशी नेमका आकाशातूनही बर्फ पडू लागला, इतका की समोरचे दिसेना. नामवंत खेळाडू एकामागून एक बाद होत होते. आरिफने मात्र दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या. त्याची एकूण वेळ २ मिनिटे ४७.२४ सेकंद आणि क्रमांक पंचेचाळिसावा. विजेता ठरलेल्या स्वित्झर्लंडच्या मार्को ओडरमाटची वेळ २ मिनिटे ९.३५ सेकंद. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांत केवळ ०.१९ सेकंदाचे अंतर. आणि आरिफ विजेत्याच्या मागे सदतीस सेकंदांहून अधिक.

माझ्या तोंडून निघून गेले, "एवढे सगळे करून पंचेचाळिसावा?"

मुलगा क्षणभर गप्प राहिला. मग शांतपणे म्हणाला, "पप्पा, त्यानं शर्यत पूर्ण केली."

वाचकहो, त्या वाक्यात मजविषयी एक शब्दही नव्हता. तरीही ते वाक्य माझेच होते. १९९४ साली माझा हा मुलगा दहावीत होता. पंधराशे मीटर धावण्यात त्याची राज्यस्तरीय स्पर्धेसाठी निवड झाली होती आणि पुण्याला जायचे होते. रेल्वेचा पास घरात होता, त्यामुळे भाड्याचा प्रश्न नव्हता. त्याला हवे होते खिळ्यांचे बूट आणि चार दिवसांची परवानगी. मी दोन्ही दिले नाही. "पळून का कोणाचे पोट भरते?" असे म्हणालो. त्याने वाद घातला नाही. तो अभ्यासाला बसला, चांगल्या गुणांनी पास झाला, पुढे नोकरीला लागला. पण त्यानंतर त्याला धावताना मी कधी पाहिले नाही.

मी पेशाने गार्ड. कोणती गाडी कोणत्या स्टेशनात किती वाजता आली, किती वाजता सुटली, किती मिनिटे सिग्नलला खोळंबली, हे सारे मी वर्षानुवर्षे नोंदवहीत लिहिले. मालगाडीच्या विलंबाचेही कारण लिहायचे असे. आणि माझा मुलगा रोज पहाटे रेल्वेच्या मैदानावर धावत होता, तेव्हा मी एकदाही तिथे जाऊन त्याची वेळ पाहिली नाही. त्याची सर्वोत्तम वेळ काय होती, हे मला आजही ठाऊक नाही. यासीन खानांच्या मुलालाही पदक मिळेल असे कोणी लिहून दिले नव्हते. बापाने फक्त त्याला उतारावर उभे केले आणि त्याच्यावर नजर ठेवली.

त्या रात्री मी मुलाला हे सारे बोलून दाखवले. क्षमा मागणे बापाला सोपे नसते. परंतु दर रविवारी परमेश्वरापुढे जे शब्द आपण सहज उच्चारतो, ते घरातल्या माणसापुढे उच्चारताना जीभ का अडखळावी, हा विचार मनात आला. तो म्हणाला, "पप्पा, तेव्हा तुम्हांला जे योग्य वाटलं, ते तुम्ही केलंत." त्याने मला दोष दिला नाही, म्हणूनच ते अधिक लागले.

तीन दिवसांनी, १६ तारखेला, स्लॅलम झाली. पहिल्याच फेरीत आरिफ बाद झाला आणि निकालात त्याच्या नावापुढे 'शर्यत अपूर्ण' अशी नोंद लागली. आम्ही दोघांनी ती सोबत पाहिली. मी काही बोललो नाही. दार चुकणे म्हणजे काय, हे आता मला कळले होते. त्याने तर पुन्हा पुन्हा उतारावर उभे राहून दारे चुकवली होती आणि पारही केली होती. मी मात्र दुसऱ्याच्या शर्यतीतले पहिलेच दार बंद करून टाकले होते.

माझी नात तेव्हा पाचवीत होती. बापाकडून तिने ही सगळी हकीकत ऐकली आणि हट्ट धरला की, तिलाही धावायचे आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघे त्याच मैदानावर गेलो. उन्हाळ्याची चाहूल लागली होती, तरी हवेत थोडा गारवा होता. नोकरीतले माझे जुने घड्याळ मी खिशातून काढले. मुलगा पलीकडच्या टोकाला उभा राहिला आणि त्याने हात वर केला, अगदी लाइन क्लिअर मिळाल्यासारखा.

नात धावली, मध्येच अडखळली, पुन्हा सावरली आणि बापापर्यंत पोहोचली. मग मुलाने हळूच चपला बाजूला काढून ठेवल्या आणि त्रेचाळीस वर्षांचा तो गृहस्थ मैदानाला एक फेरी मारून आला. धापा टाकत त्याने विचारले, "किती झाले, पप्पा?"

घरी आल्यावर मी एक कोरी वही काढली आणि दोघांच्याही वेळा तारखेसह लिहून ठेवल्या. क्रमांकाचा रकाना त्या वहीत आखलेलाच नाही.