सायकल काढावी काय?

आमच्या घरात सध्या एका सायकलीवरून दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षात सौ., मुलगा आणि मुलगी, तर दुसऱ्यात मी एकटा. माय कोणत्या पक्षात आहे ते तिने सांगितलेले नव्हते.

विषय साधा आहे. जूनमध्ये माझी बदली झरीला झाली. परभणीहून जिंतूर रस्त्याने झरी सुमारे १८ किलोमीटर. सकाळी जाताना अडचण नाही. प्रश्न संध्याकाळचा आहे. कचेरी सुटते सहाला आणि माझी सुटण्याची वेळ गाडीच्या वेळेशी जुळत नाही. वस्तीत पोचेपर्यंत आठ वाजतात. सोमवार, बुधवार, शुक्रवार साडेसातला विहारात दहावीच्या पोरांचा गणिताचा वर्ग मी गेली अकरा वर्षे घेतो. पावसाळ्यात वर्गाला बावीस पोरे होती. दिवाळीनंतर मोजली तर नऊ. पोरांना काय म्हणणार? मास्तरच आठला उगवत असेल तर ती कोणासाठी बसून राहतील? सहाला सायकलवर टांग टाकली तर सव्वासात-साडेसातला विहाराच्या दारात, असा माझा हिशेब.

"त्यापेक्षा मोटारसायकल घ्या ना," असे सगळेच सुचवतात. मुलीचे नर्सिंगचे दुसरे वर्ष आहे. तिची फी आणि गाडीचा हप्ता एका पगारात बसत नाहीत. तो विषय तिथेच संपतो.

मी बी.कॉम. असल्याने जमाखर्च मांडल्याशिवाय मला झोप लागत नाही. बसचे तिकीट एका वेळचे ३० रुपयांच्या आसपास, म्हणजे दिवसाचे ६०. मासिक पासाला वीस दिवसांचे भाडे भरून तीस दिवस प्रवास करता येतो, तेव्हा महिना १,२०० रुपये. (महिलांना २०२३ च्या मार्चपासून अर्धे तिकीट आहे. सौ. माहेरी जाताना त्याची आठवण मला आवर्जून देते.) पण गंमत अशी की पास काढला आणि सायकलही चालवली तर एक पैसा वाचत नाही, पास काही सायकलचे दिवस वजा करत नाही. पास सोडून आठवड्यात तीन दिवस सायकल आणि तीन दिवस तिकीट, असे धरले तर महिन्याला तेरा दिवसांचे ७८० रुपये होतात. वाचले ४२०. त्यातून पंक्चर, वॉलट्यूब, ब्रेकचे रबर वजा करा. एवढ्यासाठी कोणी रोज छत्तीस किलोमीटर पाय मारत नाही, हे सौ.चे म्हणणे मला मान्य आहे.

तिचे दुसरे म्हणणे मात्र हिशेबात बसत नाही. "हिवाळ्यात सहाला अंधार पडतोय. रस्त्यानं उसाचे ट्रॅक्टर, मागं लाईट नाही का काही नाही. आन् तुम्ही एकटे यायलाव." एवढे बोलून ती गप्प बसते. १० डिसेंबर २०२४ ला परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. त्यानंतरचे दिवस आमच्या वस्त्यांनी कसे काढले ते परभणीकर वाचकांना मी सांगायला नको. तेव्हापासून घरातला माणूस बाहेर असला की तो परत येईपर्यंत तिचे लक्ष भाकरीत नसते. याला माझ्याजवळ उत्तर नाही.

मुलाचे म्हणणे वेगळेच. "लोक काय म्हणतील? साहेब सायकलवर?" मी साहेब नाही, कारकून आहे. पण आपल्या समाजात पहिली नोकरी म्हणजे साहेबच. त्याला राग आला म्हणून मी त्याला आजोबांची गोष्ट सांगितली.

सायकल त्यांचीच आहे. जुनी ॲटलास, बावीस इंची. परभणीचे कृषी विद्यापीठ १९७२ साली झाले. त्यानंतर दोन-तीन वर्षांनी वडील तिथे रोजंदारीवर लागले आणि कोणाची तरी वापरलेली सायकल त्यांनी हप्त्याने घेतली. आमचे गाव झरीकडचेच. म्हणजे आज मी जातो त्याच रस्त्याने ते उलट परभणीला यायचे. वाटेत एक गाव लागते. नाव लिहीत नाही, तिथे आता माझे मित्रही आहेत. त्या गावातून जाताना पारासमोर आपल्या माणसाने सायकलवरून उतरायचे आणि शंभरेक पावले हातात धरून न्यायची, असा दंडक होता. वडील उतरायचे. १९७८ साली नामांतराच्या ठरावानंतर मराठवाडा पेटला तेव्हा सायकल कित्येक दिवस कडब्याखाली लपवलेली होती, असे माय सांगते.

पुढे एक दिवस वडील पारासमोरून बसूनच गेले. हाक आली तेव्हा मागे वळून म्हणाले, "मालक, ब्रेकच लागत नाही, काय करू?" दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. महिनाभर त्या सायकलला ब्रेक नव्हता! मग हाका मारणारेच कंटाळले. वडिलांनी यासाठी कधी भाषण केले नाही. घरी हसायचे मात्र पुष्कळ.

मुलगा हसला. पण मला ती गोष्ट सांगताना नेहमी चाळीसगाव आठवते. १९२९ साली तिथल्या टांगेवाल्याने बाबासाहेबांचा टांगा हाकायला नकार दिला. वस्तीच्या लोकांनी टांगा भाड्याने घेतला आणि हाकायला आपल्यातलाच, सवय नसलेला माणूस बसवला. पुलावर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि पाय मोडला. विलायतेत शिकून आलेला माणूस, पण स्टेशनपासून वस्तीपर्यंत जायला वाहन नाही. स्वतःची सायकल म्हणजे वडिलांना काय वाटत असेल, ते मला त्यावरून थोडेफार कळते.

ठरवण्याआधी करून पाहावे म्हणून एका रविवारी मी निघालो. आधी सायकलची ओव्हरहॉलिंग केली. (ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला, नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला. पण छर्रे, चेन सगळे अजून मिळते.) सहाला निघालो. उत्तरेचा गार वारा समोरून. पहिले पाच किलोमीटर मजेत, पुढचे पाच मांड्यांनी मोजले. तुरी फुलल्या होत्या. कापूस वेचायला निघालेल्या बायांचा टेम्पो बाजूने गेला, त्यातली एक ओरडली, "काका, पाय मारा!" एक मालमोटार इतक्या जवळून गेली की मी सरळ साइडपट्टीच्या खाली उतरलो. सौ.ला हे सांगितले नाही, आता वाचून कळेल.

ते गाव आले. पारावर एक पोरगा मोबाईल बघत बसला होता. त्याने मान वर केली नाही. माझे पाय मात्र आपोआप मंदावले. समोर कोणी नसताना मी घंटी वाजवली, दोनदा.

झरीला पोचायला एक तास पंचवीस मिनिटे लागली. सदरा पाठीला चिकटलेला. वडील पिढीने आम्हाला इस्त्रीचे कपडे घालायला शिकवले ते उगाच नाही. आपला माणूस कचेरीत घामेजलेला आला तर लोक ते त्याच्या घामापुरते ठेवत नाहीत. तेव्हा कपाटात एक सदरा, एक टॉवेल आणि साबण ठेवावा लागेल. अर्धा तास लवकर निघावे लागेल. परत येताना वारा पाठीशी होता, एक तास दहा मिनिटांत घरी.

रात्री जेवताना पुन्हा सभा भरली. सौ.ने अटी घातल्या: मागे लाल दिवा, अंगावर चमकणारा पट्टा, निघताना फोन, आणि एप्रिल-मे व पावसात सायकल बंद. परभणीचे ऊन ४४ अंशांवर जाते तेव्हा पुरुषार्थ दाखवायचा नाही, हे तिचे शब्द. गावात काही तणाव असेल त्या दिवशीही नाही. मी सगळ्या मान्य केल्या. मुलगा म्हणाला, दिवा मी बसवतो. तेवढ्यात माय कोपऱ्यातून बोलली, "ब्रेक नीट करून घे बाबा."

सोमवार, बुधवार, शुक्रवार, फेब्रुवारीअखेरपर्यंत, असे ठरले आहे. पास काढलेला नाही. गेल्या सोमवारी सात पंचवीसला विहारात पोचलो तेव्हा कुलूप लावलेले होते. किल्ली ज्याच्याकडे असते तोही आठची सवय झालेला. पायरीवर चार पोरे बसली होती. वर्ग पायरीवरच सुरू केला.